मऊ राहिलेली माणसं

प्रिय ठकू,

पाकीट हातात पडल्यावर तू आधी ते उलटंपालटं करशील आणि म्हणशील, घरात फोन असताना ताईला पत्र लिहायची काय अवदसा आठवली! अगं, फोनवर तू मला बोलू देतेस कुठं? मी "हॅलो" म्हणेपर्यंत तुझं दळण सुरू होतं. गुडघा कुठल्या बाजूनं दुखतो, शेजारीण काय म्हणाली, जावई किती जाड झाले. सगळं ओतून झालं की "बरं ठेवते, गॅसवर दूध आहे." पत्राला मध्येच तोंड घालता येत नाही, म्हणून पत्र. आपल्या मास्तरांनी माझं अक्षर बघून कोंबडी नाचलीय का विचारलं होतं, तीच कोंबडी अजून नाचतेय, तेव्हा चष्मा लाव आणि नीट टेकून बस.

तू इथून गेल्यापासून मी तुझ्याशी धड बोलले नाही, ते तुला लागलंय. तू फोन करायचीस आणि मी हो, नाही, बघू एवढ्यावर गुंडाळायचे. तू माझ्या लेकाला म्हणालीस म्हणे, "तुझ्या आईला माझं काही खुपलंय का, विचार जरा." त्यानं बिचाऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, काही नाही रे, तुझी मावशी जन्मापासून खुपतेच आहे, नवीन काय त्यात. खरं कारण त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन मला न्यायला आला असता. तुला सांगते, पण मधली पानं गाळून शेवटाकडे पळू नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे.

आधी माझ्या कामाचं. तू त्यांना बाहुल्या म्हणतेस, मला राग येतो. बाहुल्या पोरी खेळतात, मी माणसं करते. बोटाच्या पेरांएवढी, पण अंगाखांद्याला नीट, मिशीसकट. आणि करते कशाची, तर नळ गळला की लावतात त्या लांबीची. तुझे भावोजी गेल्यावर महिनाभरात ओट्याखालचा नळ टिपं गाळायला लागला. मी गाळत नव्हते म्हणून त्यानं अंगावर घेतलं असावं. भावोजी असते तर त्यांनी पाना घेऊन दिवसभर त्याच्याशी भांडण केलं असतं. मी दुकानातून लांबी आणली, मळली, थापली, नळ गप्प झाला. वाटाण्याएवढी गोळी उरली होती, ती बोटांत फिरवत बसले आणि बघते तर तिचं नाक झालेलं. भावोजींचं नाक! आठवतं ना, अर्ध्या तोंडावर त्याचंच राज्य होतं. मी पोट धरून हसले, आणि मग जे इतके दिवस झालं नव्हतं ते झालं. तेव्हापासून हे वेड लागलं.

या लांबीच्या दोन कांड्या येतात, एक फिकी, एक गडद. दोन्हींचे सारखे तुकडे तोडायचे, कणकेसारखे मळायचे, सगळा एक रंग झाला की तासभर ती तुझी, पाहिजे तशी वाकव. मग हळूहळू ती हट्टाला पेटते आणि दुसऱ्या दिवशी दगड. नुसती एकच कांडी मात्र वर्षभर चेपत बसलीस तरी मऊच. दूध आणि विरजण समज. केसांत खोचायच्या आकड्यांचा मी आधी सांगाडा वळते, त्यावर धड चढवते, ते वाळलं की औषधाच्या बाटलीनं पातळ लाटून कपडे नेसवते, आणि तोंड शेवटी, सुईच्या टोकानं. शेजारी वाटीत पाणी, बोटाला चिकटू नये म्हणून. हातमोजे घालते, कारण उघड्या हातांनी मळलं की कातडी खाजते. त्या अवतारात मी ऑपरेशनचा डॉक्टर दिसते, फक्त माझे पेशंट ओरडत नाहीत.

कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या बाई आठवतात? तू आत जाऊन मोठ्यानं हसलीस तेव्हा ज्यांनी चष्म्यावरून बघितलं होतं, त्याच. त्यांनी रस्ता रुंद व्हायच्या आधीची आपली गल्ली पुठ्ठ्याची करून काचेच्या पेटीत ठेवायचं काढलंय, आणि माणसं मी करायची. शिंपी, पोस्टमन, सायकलवाला, दातांचा डॉक्टर, सगळे गेलेले किंवा घर सोडून गेलेले. बाई म्हणाल्या, "घरं कुणीही करेल हो, माणसं तुमच्याशिवाय कुणाला आठवणार?" मी अशी फुगले की दारातून आडवी बाहेर पडले.

त्याच सुमाराला तू आलीस. येताना माझ्यासाठी तुमच्याकडच्या दुकानातून पिशवीभर लांबी आणलीस, साडी आणायची सोडून, त्याबद्दल तुला काय म्हणावं ते कळत नाही, पण मला साडीपेक्षा बरं वाटलं. आणि मग तू घर आवरायला घेतलंस. बटणं आकारानं, दोरे रंगानं, चमचे लांबीरुंदीनं, आणि माझी औषधं उंचीनं! रक्तदाबाची गोळी मला खोकल्याच्या बाटलीमागं सापडली. मी म्हटलं, ठकू, बस जरा, आपण गप्पा मारू. तू म्हणालीस, एवढं झालं की बसते. ते एवढं तू जायच्या दिवसापर्यंत झालं नाही.

तू गेल्यावर मी शिंपी करायला घेतला. मानेभोवती टेप, कानावर खडू, मस्त जमला होता. सकाळी उचलला तर बोट त्याच्या पोटात गेलं. मऊ! म्हटलं हवा दमट असेल. दुसऱ्या दिवशी सायकलवाला केला, तो खणखणीत वाळला. मग पोस्टमन, तो मऊ. मऊ म्हणजे कसा, दुपारपर्यंत त्याची मान खाली गेली, जणू मनीऑर्डर हरवून आलाय. मग दातांचा डॉक्टर नीट झाला, आणि त्याची बायको वितळल्यासारखी बसली. लांबी खराब असती तर सगळेच बिघडले असते ना? निम्मे बिघडतात आणि निम्मे होतात, म्हणजे बिघाड मळणाऱ्यात. मी दोन तुकडे घ्यायचे तिथं एकच घेत असणार, आणि घेतले म्हणून समजत असणार.

मग मला आई आठवली.

आईचं पहिल्यांदा काय बिघडलं, सांग. शिलाई. जिच्या हातचा ब्लाउज घालून गावातल्या बायका मिरवायच्या, तिनं एक दिवस बाही गळ्याला जोडली. आपण दोघी केवढ्या हसलो होतो, आणि आईही हसली. मग ती तीच बाही उसवून परत गळ्याला जोडायला लागली. पुढचं तुला सांगायला नको, आपण दोघींनी मिळून काढलंय ते. शेवटी शेवटी मी तिची वेणी घालत होते तेव्हा मला म्हणाली, "तुम्ही फार चांगल्या आहात हो. तुमची आई कुठं असते?" मी म्हटलं, इथंच असते, जवळच. तिला बरं वाटलं. म्हणाली, जात जा तिच्याकडे.

तर ठकू, हाताचं काम आधी जातं, हे मी पाहिलेलं. म्हणून पोस्टमनची मान पडली तशी माझीही पडली. मी मोठ्यानं बोलून मळायला लागले. "फिकी घेतली. गडद घेतली. दोन्ही सारख्या." भिंतीला ऐकवत होते. तरी निम्मे मऊच. याची भीती कशी असते ते तुला सांगू? आपण आपल्याच तोंडानं म्हणतोय घेतली, डोळ्यांनी बघतोय घेतली, आणि सकाळी ते मऊ माणूस सांगतंय की घेतली नव्हती. मग विश्वास कुणावर ठेवायचा? म्हणून तुझा फोन आला की मी हो, नाही, बघू करून ठेवून द्यायचे. तुला माझ्या एका शब्दावरून कळलं असतं. दुसऱ्या कुणाला नाही, पण तुला कळलं असतं, कारण तू पण आईची ती वेणी घातली आहेस.

शेवटी गुपचूप डॉक्टरकडे गेले. पोरगेलासा आहे, कान मोठे. म्हणाला, आजी, आज वार कोणता? मी म्हटलं, खरा सांगू की तुमच्या कॅलेंडरवरचा, कारण ते कालवरच अडकलंय. मग म्हणाला, कागदावर घड्याळ काढा. मी काढलं, त्या घड्याळाला डॉक्टरचेच कान लावले. मग तीन शब्द दिले, सफरचंद, खुर्ची, नदी, आणि म्हणाला थोड्या वेळानं विचारतो. मी थांबलेच नाही, म्हटलं सफरचंद खुर्चीवरून घरंगळून नदीत पडलं, आता पुढं काय विचारायचंय ते विचारा. हसायला लागला. आणखी बरंच विचारलं, तपासलं, रक्त घेतलं, आणि म्हणाला, आजी, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय. मी विचारलं, मग माझी माणसं का वाळत नाहीत? तो म्हणाला, लांबीतलं मला काही कळत नाही हो.

झालं! म्हणजे जे मला विचारायचं होतं तेच त्याला येत नव्हतं. मी घरी आले आणि डॉक्टरपेक्षा लांबीवर विश्वास ठेवला. तशी मी पहिल्यापासून उलट्या डोक्याची. वाचनालयाच्या बाईंना काम परत करायचं ठरवलं, काय बोलायचं ते पाठ केलं. माझ्या लेकाकडे राहायला जायचंही मनाशी ठरवलं, आणि त्याच्या घरात मला कुठली खोली देतील, खिडकीची की मोरीजवळची, तेही भांडून पाहिलं मनातल्या मनात.

मऊ राहिलेली माणसं मी टाकली नव्हती. बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात निजवून ठेवली होती, दवाखान्यातल्यासारखी. एका संध्याकाळी माझं डोकंच फिरलं. शिंपी उचलला, पोस्टमन उचलला, दोघांना एकमेकांवर आपटलं आणि मळलं. असं मळलं की टेप, खडू, पत्रांची पिशवी, मिशा सगळं एक. दात ओठ खाऊन मळलं, रडत मळलं. तो गोळा खिडकीत फेकला आणि तोंड धुऊन झोपले. सकाळी कचऱ्यात टाकायला उचलला तर हातातून निसटला, आणि फरशीवर आवाज झाला, टण्ण.

मी खाली बसले. गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो म्हटलं. उचलून ठोकून पाहिला. दगड! शिंप्याच्या पायाची तार तेवढी बाहेर डोकावत होती. इतके दिवस शिंपी मऊ, इतके दिवस पोस्टमन मऊ, आणि दोघं एकत्र मळले तर दगड. मग माझ्या डोक्यात, त्याच बिघडलेल्या डोक्यात बरं का, दिवा लागला. दुधात दूध घातलं तर दही लागत नाही. विरजणात विरजण घातलं तरी लागत नाही. पण ती दोन्ही भांडी एकात ओतली तर?

लांबीच्या कांड्या ठेवलेले दोन्ही डबे घेऊन मी खिडकीशी उजेडात गेले. फिक्या कांड्यांचा डबा उघडला आणि नाक घातलं. विरजणाच्या कांडीला एक खवट वास असतो, दुधाच्या कांडीला नसतो. फिक्या डब्यात दोन वास! एक तुकडा बिनवासाचा, एक खवट. गडद डब्यातही तेच. उजेडात बघितलं तर फिक्यातही दोन फिके, एक साईसारखा, एक किंचित पिवळट. माझ्या कंपनीची फिकी कांडी दूध आणि गडद विरजण. तू आणलेल्या कंपनीची बरोबर उलटी, फिकी विरजण आणि गडद दूध. आणि आमच्या ठकूबाईंनी काय केलं, तर सगळी वेष्टनं काढून फेकली आणि फिक्यात फिकी, गडदात गडद, अशी शिस्तीत लावून ठेवली. दोरे लावले तशी! मी रोज इमानदारीनं एक फिकी आणि एक गडद घेत होते. कधी जोडा जमायचा, कधी दूध दुधाला भेटायचं. माझ्या हातानं एकदाही चूक केली नव्हती, ठकू. एकदाही नाही.

मी नाचले. या वयात, या गुडघ्यांनी, हातमोजे घालून, स्वयंपाकघरात एकटी. समोरच्या घरातला म्हातारा खिडकीत होता, त्यानं बघितलं आणि पडदा ओढून घेतला. बघू दे. मग बसून तुला इतक्या शिव्या दिल्या की तुला तिकडं उचक्या लागल्या असतील. तुझं लग्न जमवलं तेव्हापासूनच्या सगळ्या काढल्या. आणि मग दोन्ही डबे वास घेऊन घेऊन परत निवडले. आता सगळी माणसं वाळतात. नवा शिंपी झाला, नवा पोस्टमन झाला, ताठ मानेचा. बाईंना अजून काहीच माहीत नाही, त्यांना वाटतंय मी कलाकार आहे म्हणून वेळ लावते.

हे सांगून तुला चिडवायला मी लगेच फोन उचलला होता. तुझ्या लेकीनं घेतला. म्हणाली, आई पडलीय जरा. मी म्हटलं, या वेळेला? आज तर तिचा पत्ते खेळायला जायचा दिवस. ती म्हणाली, मावशी, आईनं पत्ते सोडले. डोळे दुखतात म्हणते. भाजीलाही जात नाही, मला पाठवते, पाय दुखतात म्हणते. आणि हसत हसत म्हणाली, पण घर असं लखलखीत ठेवलंय, दिवसातून दोनदा कपाट लावते. पोरगी हसत होती. मी हसत होते ती थांबले. डबे, कांड्या, चिडवायचं सगळं राहिलं. म्हटलं, झोपू दे तिला, मी नंतर करते. आणि नंतर केला नाही, कारण फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस, आणि खरं तर मलाच बोलता आलं नसतं.

ठकू, डोळे दुखतात म्हणून पत्ते सोडणारी बाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली असती. तू गेली नाहीस. कुणी कुठला पत्ता टाकला हे शेवटपर्यंत लक्षात ठेवून आम्हा सगळ्यांना नागवणारी तू, तुला डावात काय झालं असेल ते मी विचारत नाही. एवढंच सांगते की मी महिनाभर जिथं बसले होते तिथंच तूही बसलीयस, आणि बहुतेक माझ्या आधीपासून. माझ्या घरी बटणं लावत होतीस तेव्हाही तिथंच होतीस. मला ते शिस्तीचं वेड वाटलं. आई त्या बाहीच्या वर्षी कपाट किती वेळा लावायची, ते मला आत्ता हे लिहिताना आठवलं. तुला काही झालंय असं मी म्हणत नाही. मला झालंय म्हणून मी शपथेवर सांगितलं असतं, आणि निघालं काय, दोन कंपन्यांची लांबी. तुझंही असंच काहीतरी फुसकं असेल, झोप नसेल, एखाद्या गोळीचा नवा डोस असेल, नाहीतर नुसती भीतीच असेल, ती एकटीसुद्धा डाव विसरायला लावते. पण ते घरात बसून कपाटं लावून कळणार नाही. मी त्या मोठ्या कानाच्या डॉक्टरला सांगून आलेय की पुढच्या आठवड्यात धाकट्या बहिणीला आणते. दुखत नाही, नुसतं बोलायचं असतं, आणि बोलण्यात तुला कोण हरवणार? त्याचे तीन शब्द पाठ करून येऊ नकोस, तो दर वेळी बदलतो. आणि ठकू, त्यानं हसून घरी पाठवलं तर आपण दोघी त्याच्या दाराबाहेर नाचू. नाहीच हसला, तर मी आहे, आणि या खेपेला आपण दोघी आहोत हे आधीपासून माहीत असेल. माझी निश्चिंती आत्ता एवढी उतू जातेय की अर्धी तुला देऊनही मला पुरेल. शनिवारी सकाळच्या गाडीनं तुला न्यायला येतेय. बेल वाजली की लेकीला पुढं करू नकोस. दार तू उघड.

तुझीच, उलट्या डोक्याची पण शाबूत,
ताई